वारे वय पाहत नाही

दिवाळी अंकासाठी मजकूर मागताना संपादक दर वर्षी एक पुस्ती जोडतात : "डॉक्टर, या खेपेला जरा हलकेफुलके द्या. लोक फराळ करता करता वाचतात." म्हणून आजवर मी दिवाळीत चकलीचे अजीर्ण, फटाक्याने भाजणे, मुलांचे किडके दात अशा सोसवणाऱ्या विषयांवरच लिहीत आलो. या वर्षी मात्र ती सूचना मी नम्रपणे बाजूला ठेवली आहे. कारण असे की, वर्षभर हे सदर बहुधा एकटी आई वाचते. दिवाळीत घरी आजी असते, माहेरी आलेली आत्या असते, गावाकडचे काका असतात, आणि अंक सगळ्यांच्या हातांतून फिरतो. आज जे सांगायचे आहे ते एकट्या आईने वाचून भागणारे नाही. ज्यांच्या शब्दाला घरात वजन आहे, त्यांनी ते वाचले पाहिजे.

विषय आहे अर्धांगवायूचा. आणि तोही लहान मुलांच्या.

आपल्याकडे या दुखण्याला 'अंगावरून वारे जाणे' म्हणतात. कुणी लकवा म्हणतात, कुणी पॅरालिसिस, आणि हल्ली इस्पितळात गेले की स्ट्रोक. नाव कोणतेही घ्या, डोळ्यांपुढे चित्र उभे राहते ते ठरलेले. आरामखुर्चीतले आजोबा, तोंड एका बाजूला ओढलेले, लुळा हात मांडीवर, शेजारी टेकवून ठेवलेली काठी. रक्तदाब, साखर, तंबाखू आणि साठीपुढचे वय हे सारे त्या चित्रात असते. दप्तर पाठीला लावलेले पोर त्यात कुठेच नसते. म्हणूनच मुलांच्या बाबतीत एक वाक्य मी माझ्या व्यवसायात पुन्हा पुन्हा ऐकत आलो : "अहो डॉक्टर, मुलांना कुठे वारं जातं?"

जाते, बरे का. शाळकरी मुलाला जाते, रांगत्या मुलाला जाते, जन्माच्या आगेमागे आईच्या पोटातल्या बाळालाही जाते. आणि 'मुलांना कुठे' हे जे वाक्य आहे ना, ते घराच्या उंबऱ्याआतच रोग्याचे मोलाचे तास खाऊन टाकते. आजच्या लेखाचे सार विचाराल तर एवढेच : ते वाक्य या दिवाळीत घरातल्या अडगळीबरोबर बाहेर टाका.

मुळात होते काय, ते आधी पाहू. मेंदू हा शरीरातला मोठा खर्चिक अवयव. मोठ्या माणसाच्या वजनाचा तो जेमतेम पन्नासावा हिस्सा. पण शरीर स्वस्थ असतानाही लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा फस्त करतो. लहान मुलांचा मेंदू तर याहूनही खादाड. बरे, एवढा खर्च असून घरात साठवण काही नाही. नळाचे पाणी गेले तर आपण पिंपातले वापरतो. मेंदूजवळ पिंपच नाही. रक्त थांबले की त्या भागाच्या पेशी गुदमरू लागतात. जेफ्री सेव्हर या अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञांनी २००६ साली मोठ्या माणसांपुरता हिशेब मांडला होता. मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि उपचार झाला नाही, तर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात. मुलांचा आकडा वेगळा निघेल, पण घड्याळ तेच.

हा पुरवठा दोन प्रकारे तुटतो. एक तर वाहिनीत रक्ताची गुठळी अडकते, नाहीतर वाहिनीच फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. मोठ्यांत गुठळीचा प्रकार पुष्कळ अधिक. मुलांत मात्र दोन्ही प्रकार जवळजवळ निम्मे-निम्मे आढळतात. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. घरात आजोबांसाठी आणलेली रक्त पातळ करणारी गोळी असते, आणि कुणाला तरी ती मुलाला देण्याची बुद्धी होते. आत वाहिनी फुटलेली असेल तर ती गोळी म्हणजे आगीत तेल. बाहेरून पाहून गुठळी की रक्तस्राव, हे मलाही सांगता येत नाही. मेंदूचे चित्र काढल्यावरच ते कळते.

हा विकार दुर्मीळ आहे, हे कबूल. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदी पाहिल्या, तर जन्माच्या आगेमागे दर काही हजार बाळांतल्या एकाला तो होतो. पुढच्या वयात वर्षाला लाख मुलांमागे एक-दोघांना किंवा त्याहून थोड्या अधिकांना. पण लाखो मुले राहतात अशा आपल्या शहरांत दुर्मीळ याचा अर्थ 'होत नाही' असा नव्हे. कुणाच्या ना कुणाच्या घरी तो होतच असतो.

आता सुरुवात सर्वांत लहान रोग्यापासून करतो.

नवव्या महिन्याची गोवराची लस टोचायला एक गुटगुटीत बाळ आले होते. सोबत आई आणि आजी. मी खुळखुळा पुढे केला. बाळाने डावा हात झटकन पुढे करून तो घेतला. मी तो उजव्या बाजूला धरला, तर सारे अंग वळवून पुन्हा डाव्याच हाताने घेतला. उजव्या हाताची मूठ मिटलेली, अंगठा आत.

आजी कौतुकाने म्हणाल्या, "डावखुरा आहे हो आमचा! माझे धाकटे दीर असेच होते. मी सूनबाईंना सांगते, आतापासूनच सवय मोडा, नाहीतर उद्या पंगतीत डाव्या हाताने जेवेल."

आई हळूच म्हणाली, "मी आईंना दोन-तीनदा म्हटलं, हा उजवी मूठ उघडतच नाही. पण सगळे म्हणाले, पहिलटकरणीला सगळ्याचीच काळजी."

मी आजींना विचारले, "तुमच्या दिरांना डावखुरा कधीपासून म्हणायला लागलात?"

"पाटीवर अक्षरं गिरवायला लागले तेव्हापासून."

"मग हे तर अजून धरून उभं राहायला शिकतंय, आजी!"

गोष्ट अशी आहे की, पहिल्या वर्षात निरोगी बाळाला दोन्ही हात सारखेच प्यारे असतात. उजवा की डावा ही निवड पुढे दोन-तीन वर्षांच्या सुमारास ठरत जाते. वर्षाच्या आत जे बाळ एकच हात वापरते, ते बहुधा तो हात निवडत नसते. दुसरा हात त्याला चालवता येत नसतो. हे लक्षण उजव्या हाताच्या बाजूचेही तितकेच खरे. फरक एवढाच की, बाळ उजव्याच हाताने सारे करू लागले तर आपल्याकडे सगळे खूश होतात आणि डॉक्टरकडे कुणीच जात नाही.

त्या बाळाच्या मेंदूचे एम.आर.आय. चित्र काढले. डाव्या अर्ध्या मेंदूत जुना व्रण होता, जन्माच्या आगेमागे पडलेला. डाव्या मेंदूचा ताबा उजव्या अंगावर, म्हणून उजवा हात मागे. मग नऊ महिने हे कुणाला दिसले कसे नाही? कारण नवजात बाळ हात कामासाठी वापरतच नाही. त्यामुळे अधूपणा उघडा पडायला चार-सहा महिने जावे लागतात. काही बाळांना पहिल्या दोन-तीन दिवसांत एकाच हाताला किंवा पायाला ठेका धरल्यासारखे झटके येतात आणि रोग तिथेच पकडला जातो. बाकीची बाळे गाजावाजा न करता घरी जातात.

चित्र पाहिल्यावर त्या घरात जो प्रश्न निघाला, तो अशा प्रत्येक घरात निघतो. "गरोदरपणी काय खाल्लं होतंस? ग्रहणात काही चिरलं होतंस का?" माझी सगळ्या सासवांना, आयांना आणि नणंदांना हात जोडून विनंती आहे, हा प्रश्न विचारू नका. बाळंतपणाच्या सुमारास रक्ताची गोठण्याची शक्ती निसर्गतःच वाढलेली असते. ती आईला अतिरक्तस्रावापासून वाचवते. बाळंतपणात जी वार पडते तिच्यातली एखादी गुठळी बाळाच्या रक्तात जात असावी, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. पण कित्येक बाळांत नेमके कारण सापडतच नाही. आईने काय खाल्ले आणि काय चिरले, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

इथे एक गंमतीची गोष्ट सांगतो. स्वप्नांचा अर्थ लावणारे म्हणून ज्यांचे नाव आपण ऐकतो, ते व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड. स्वप्नांकडे वळण्याआधी ते मुलांच्या मज्जाविकारांचे जाणते म्हणून ओळखले जात. १८९१ साली त्यांनी ऑस्कर री या बालवैद्याबरोबर मुलांच्या एका अंगाच्या पक्षाघातावर एक ग्रंथच लिहिला, आणि १८९७ साली मुलांच्या मेंदूजन्य पक्षाघातावर आणखी एक मोठा ग्रंथ. त्या काळी सगळा दोष अवघड बाळंतपणावर ठेवण्याची रीत होती. फ्रॉइड यांनी वेगळी शंका मांडली : बिघाड आधीच पोटात झालेला असेल, आणि अवघड बाळंतपण हे त्याचे कारण नसून कधी कधी त्याचाच परिणाम असेल. हाती एम.आर.आय. नसताना सव्वाशे वर्षांपूर्वी एका वैद्याला जी शंका आली, ती आपल्या घरांतून अजून येऊ नये, हे नवल.

आता मोठी मुले. यांच्यात वारे वेगळ्या वेषात येते, आणि घरात त्याला भलतीच नावे पडतात.

सात वर्षांचा एक मुलगा रात्री जेवायला बसला होता. हातातला घास दोनदा ताटात पडला. तिसऱ्यांदा वाटी लवंडली. आजोबा म्हणाले, "दुधीची भाजी आहे ना, म्हणून नाटकं चाललीत." तो काही बोलला ते बोबडे आले, ताई हसली. वडील म्हणाले, "खेळून दमलाय, झोपू दे." सकाळी तो उठून उभाच राहिना. आधी तेल चोळून झाले, मग दृष्ट काढून झाली, शेजाऱ्यांनी पारव्याच्या रक्ताचा उपाय सुचवला, आणि अकरा वाजता मूल माझ्यासमोर आले. चौदा तास. त्या घरात कुणी वाईट नव्हते. सगळ्यांचा त्याच्यावर जीव होता. फक्त हे वयच नव्हे, अशी सगळ्यांची खात्री होती.

दुसरी एक दहा वर्षांची मुलगी. शाळेतून येऊन सोफ्यावर बसली आणि आत्याला म्हणाली, "आत्या, माझा हात माझा वाटत नाहीये." आत्याने तिला हसायला सांगितले, तोंड एका बाजूनेच हसले. आत्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, पाच वाजून दहा मिनिटे, आणि मुलीला घेऊन ती थेट मोठ्या इस्पितळात गेली. भावाला आणि वहिनीला फोन वाटेतून. सहाच्या आत चित्र निघाले होते, आणि रात्रीपर्यंत कारणही सापडले होते. हृदयाच्या झडपेवर जमलेली गुठळी सुटून मेंदूत गेली होती. त्याच रात्री औषध सुरू झाले.

ती वेळेवर आली म्हणून अगदी पूर्वीसारखी झाली, असे खोटे मी लिहिणार नाही. ती चालते, धावते, शाळेत पहिल्या दहांत असते. डाव्या हाताची बोटे मात्र बारीक कामाला जरा अडखळतात. पण दुसरा झटका तिला आला नाही. लवकर येण्याचा मोठा फायदा पुष्कळदा हाच असतो. पहिला घाव तर पडून गेलेला असतो. दुसरा अडवायचा तर कारण सापडले पाहिजे, आणि तोवर ताप, साखर, रक्तदाब, प्राणवायू आणि झटके सांभाळून मेंदूचा काठावरचा भाग वाचवता आला पाहिजे. रक्तस्राव असेल तर कधी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. निवडक मुलांत तारेने गुठळी बाहेरही काढतात.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनाबद्दल पुष्कळ जण विचारतात. मोठ्यांना ते साधारण साडेचार तासांच्या आत देतात. मुलांना ते कितपत सोसते, हे पाहण्यासाठी अमेरिकेत एक अभ्यास हाती घेतला होता. पण बसणारी मुलेच पुरेशी मिळेनात, म्हणून २०१३ साली तो बंद करावा लागला. तरी तो वाया गेला नाही. त्यासाठी तिथल्या इस्पितळांनी मुलांच्या झटक्यासाठी रात्री-अपरात्रीही चालणारी व्यवस्था उभी केली, आणि ती नंतर टिकली. मूल किती वाजता बिघडले हे सांगणारा माणूस सोबत नसेल, तर डॉक्टरांचे हात बांधले जातात, हा धडा आपल्यालाही लागू आहे.

कारणे मुलांत वेगळीच असतात. तंबाखू आणि चरबी यांना इथे जागा नाही. जन्मजात हृदयविकार हे एक मोठे कारण, विशेषतः रडताना ओठ-नखे निळी पडणाऱ्या मुलांत. सांधेतापाने बिघडलेल्या झडपा हे दुसरे. आपल्याकडे क्षयाचा मेंदुज्वर हेही कारण अजून गेलेले नाही. जन्मतः टोचलेली बीसीजीची लस त्यापासूनच मुख्यत्वे बाळाचे रक्षण करते. कांजिण्या येऊन गेल्यावर काही महिन्यांनी क्वचित मेंदूची वाहिनी सुजून आखडते. उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या बाळाच्या मेंदूतल्या शिरांत रक्त गोठते, म्हणून मीठ-साखरेच्या पाण्याची किंमत मोठी. एक ते दोन वर्षांच्या काही मुलांना पलंगावरून किंवा उंबऱ्याला अडखळून साधे पडल्यावर थोड्या वेळाने एक बाजू लुळी पडते. त्यांच्या मेंदूतल्या बारीक वाहिन्यांवर आधीच चुन्याचे कण बसलेले असतात. भारतातल्या डॉक्टरांनी अशी मुले अलीकडच्या वर्षांत बरीच नोंदवली आहेत. तेव्हा पडल्यावर टेंगूळ पाहता, तसे दोन्ही हात-पाय सारखे हलतात का, तेही पाहा.

जपानमध्ये एक विकार बराच आढळतो, आपल्याकडेही आढळतो. मेंदूच्या मुख्य वाहिन्या हळूहळू अरुंद होतात आणि भोवती बारीक वाहिन्यांचे जाळे फुटते. चित्रात ते धुराच्या लोटासारखे दिसते, म्हणून १९६९ साली तिथल्या डॉक्टरांनी त्याला 'मोयामोया' हे जपानी नाव रूढ केले. या मुलांचा हात जोरात रडल्यावर, गरम शेवयांवर फुंकर घालताना किंवा बासरीसारखे वाद्य वाजवल्यावर काही मिनिटे लुळा पडतो आणि आपोआप सुधारतो. फुगे फुगवताना पोराच्या हातातून फुगा गळला आणि पाच मिनिटांनी सारे ठीक झाले, तर "झालं बरं" म्हणून सोडून देऊ नका. ती सूचना असते. वेळीच शस्त्रक्रिया केली तर पुढचा घाव टळू शकतो.

विदर्भ, गडचिरोली, नंदुरबार या भागांशी नाते असलेल्या वाचकांसाठी आणखी एक. तिथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ घरांत आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि वाहिन्यांत अडकतात. १९९८ साली अमेरिकेत रॉबर्ट ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर काम प्रसिद्ध केले. मुलाच्या कानशिलावर ध्वनिलहरींचे यंत्र ठेवून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजायचा. तो सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक भरला, तर त्या मुलाला नियमित रक्त द्यायचे. अशा मुलांतले झटके ९० टक्क्यांहून अधिक कमी झाले. सुई नाही, कापाकापी नाही, आणि झटका येण्याआधीच त्याची चाहूल. आपल्या सरकारनेही १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. रक्ततपासणीची संधी आली तर लाजू नका. आणि मुलाला हा विकार असेल तर कानशिलाच्या या तपासणीबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा.

आता घरात करायचे काय? पुढचा मजकूर कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला तरी माझी हरकत नाही.

मुलाचा चेहरा अचानक एका बाजूला ओढला, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडला, बोलणे बोबडे झाले किंवा बोललेले कळेनासे झाले, अचानक तोल गेला किंवा एका बाजूचे दिसेनासे झाले, तर तो झटका समजूनच चाला. मुलांत यांच्या जोडीला कधीही नव्हती अशी डोकेदुखी, उलट्या, गुंगी, किंवा अंगाच्या एकाच बाजूचे आचके, हेही दिसते. मुलाला हसायला सांगा, दोन्ही हात समोर धरायला सांगा, आपले नाव-गाव सांगायला सांगा. अगदी लहान असेल तर दोन्ही बाजूंनी खेळणे पुढे करून पाहा.

मग घड्याळ पाहा. मूल शेवटचे नीट कधी दिसले होते ती वेळ कागदावर लिहा. १०८ क्रमांक फिरवा, किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. पण जा ते अशा इस्पितळात, की जिथे मेंदूचे चित्र काढण्याची सोय आणि मुलांचे डॉक्टर दोन्ही आहेत. आपल्या गावात असे ठिकाण कोणते, याची चौकशी आजच करून ठेवा. वाटेत मुलाला कुशीवर निजवा. पाणी, दूध, काढा, गोळी काहीही तोंडात घालू नका. गिळण्याचे स्नायू लुळे असतील तर ते छातीत जाते. तेल चोळत बसू नका. दृष्ट काढायचीच असेल तर जरूर काढा. पण मूल गाडीत बसल्यावर, मागे राहिलेल्यांनी.

कधी कधी तपासणीअंती निघते की हा झटका नव्हेच. आचक्यांनंतर काही तास हात लुळा राहतो, अर्धशिशीतही तसे होते, नुसत्या चेहऱ्याच्या शिरेला सूज येऊनही तोंड वाकडे होते. मग लोक ओशाळतात, "उगाच धावपळ केली डॉक्टर!" मुळीच ओशाळू नका. हा निवाडा घरात बसून करण्याचा नव्हे. उगाच आलेली दहा मुले मला चालतील, न आलेले एक चालत नाही.

आणि नंतर? इथे दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, "संपलं सारं." दुसरे म्हणते, "लहान आहे, आपोआप भरून निघेल." दोन्ही अर्धी. मुलाचा मेंदू लवचीक असतो हे खरे. जन्माच्या सुमारास डाव्या मेंदूला घाव बसलेल्या काही मुलांचा अभ्यास एलिसा न्यूपोर्ट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केला. मोठेपणी ही मुले वाक्ये नीट समजत होती, आणि भाषेचे ते काम त्यांच्या उजव्या मेंदूने, आरशातल्यासारख्या त्याच जागेवर, उचललेले होते. एका भावाने दुसऱ्याचा संसार सांभाळावा तसे. पण सांभाळणाऱ्यावर बोजा पडतोच. अशा काही मुलांना पुढे लक्ष लागण्यात, गणितात, आठवणीत अडचण येते, आणि ती चौथी-पाचवीत अभ्यास वाढल्यावर उघडी पडते. काहींना फेफरे येते. म्हणून मूल चालू-बोलू लागले की फेऱ्या बंद करू नका.

हाताचे म्हणाल, तर हात वापरानेच सुधारतो. एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक उलटा वाटणारा उपचार रुळवला : चांगला हात रोज काही तास पिशवीत किंवा पट्टीत बांधून ठेवायचा आणि अधू हाताकडून काम करवून घ्यायचे. हा उपाय तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा. त्याच्या जोडीला दोन्ही हातांनी मिळून करायची कामे हवीत, आणि त्यासाठी दिवाळीच्या आठवड्यासारखी शाळा नाही. एका हाताने पारी धरून दुसऱ्याने सारण भरलेली करंजी, दोन्ही तळव्यांत वळलेला लाडू, एका हाताने कागद धरून दुसऱ्याने कापलेली आकाशकंदिलाची झालर. करंजी फुटू द्या, लाडू चेपू द्या. घाईच्या दिवसांत "दे इकडे, मी करते" असे म्हणणे सोपे. पण त्या वाक्याने मुलाच्या हातचा व्यायाम आपण काढून घेतो.

मुलगी असेल तर एक काळजी कुजबुजत बोलली जाते : "लोकांत कळलं तर उद्या लग्नाचं काय?" म्हणून फिजिओथेरपिस्टकडे जाणे बंद, शाळेत सांगणे बंद, ओढणीखाली हात झाकणे सुरू. दुखणे लपवल्याने झाकत नाही. उपचार तेवढे झाकले जातात. शाळेला सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मेंदूजन्य पक्षाघाताचा समावेश आहे. दाखला असेल तर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. त्या मागणे म्हणजे भीक नव्हे, हक्क आहे.

दर वर्षी २९ ऑक्टोबरला, दिवाळीच्या आगेमागे, जागतिक पक्षाघात दिन येतो. त्या दिवशीच्या भाषणांत मुलांचा उल्लेख झाला तर झाला. आपण आपल्यापुरते एक करू. भाऊबीजेला सगळी जमतील तेव्हा घरातल्या मोठ्यांना हा लेख वाचून दाखवा, आणि वर्षाच्या आतले बाळ मांडीवर आले की खुळखुळा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून पुढे करा. दोन्ही हात आले, तर लाडू खा आणि संपादकांना कळवा की डॉक्टरांनी शेवट तरी गोड केला. एकच आला, तर "डावखुरा" किंवा "उजवा" म्हणू नका. दिवाळी उरकण्याची वाट न पाहता बाळाला दाखवून आणा.